अत्यंततिरस्कृतवाच्य : मराठी समीक्षेतील आंधळे, पांगळे आणि खुजे

मराठी समीक्षेला स्वतःची परिभाषा नाही, आहे ती उसनी आहे, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की ती करणाऱ्यालाही तिच्यातून काही निष्पन्न होईल अशी आशा उरलेली नाही. निंदेपुरते बोलायचे तर मात्र आपली परिभाषा मुळीच उसनी नाही. ती घरची आहे, विपुल आहे आणि तिचा मोठा भाग माणसाच्या शरीरावरून घेतलेला आहे. एखाद्या कवीवर परकीय प्रभाव आढळला की ते 'आंधळे अनुकरण' ठरते. कादंबरीचा उत्तरार्ध फसला की कथानक 'पांगळे' होते. लेखकाने योगायोगाचा आधार घेतला की त्या 'योगायोगाच्या कुबड्या' होतात. न पटलेला युक्तिवाद 'लंगडा', अपुरे समर्थन 'लुळे', मागच्या पिढीच्या शेजारी उभी केलेली आजची पिढी 'खुजी', सामाजिक प्रश्नांवर न लिहिणारा लेखक 'बहिरा', निषेधपत्रकावर सही न करणारा 'मुका'. हे शब्द चव्हाट्यावरच्या भांडणातले नाहीत. एका विशेषणासाठी तीन दिवस थांबणाऱ्या, 'जाणीव' आणि 'संवेदना' यांतला भेद पानभर समजावून सांगणाऱ्या लेखण्यांतून ते उतरलेले असतात.

(या लेखात 'अपंग' हा शब्द साध्या अर्थाने वापरला आहे. त्याच्या जागी अधिक गोड शब्द का घेतला नाही, याचा खुलासा पुढे येईल.)

या प्रयोगांना हरकत घेतली की मिळणारे उत्तर ठरलेले आहे. ही रूपके आहेत, तीही मृत रूपके. 'आंधळे अनुकरण' लिहिणाऱ्याच्या मनात कोणी अंध मनुष्य नसतो, वाचणाऱ्याच्याही नसतो. मग अवमान झाला तो नेमका कोणाचा? हे उत्तर देणारे बहुधा सज्जन असतात. अंधशाळेच्या मदतनिधीत त्यांची वर्गणी असते, रस्ता ओलांडताना ते दुसऱ्याचा हात धरतात. त्यांच्या सज्जनपणाशी माझे भांडण नाही. परंतु त्यांनी हे उत्तर वाङ्मयसिद्धांताच्या भाषेत दिले आहे, तेव्हा त्याची तपासणीही त्याच भाषेत व्हायला हवी. आणि तशी ती केली तर ते उत्तर टिकत नाही.

मम्मटाने लक्षणेला दोन निमित्ते सांगितली : रूढी आणि प्रयोजन. रूढीचे त्याने दिलेले उदाहरण 'कुशल' या शब्दाचे आहे. कुश गवत तोडून आणणारा तो कुशल, ही मूळ कल्पना. पुढे शब्दाचा अर्थ निपुण असा स्थिरावला. आज कुशल कारागीर म्हणताना कुशाचे पाते कोणाच्याही मनात येत नाही, आणि ज्याला त्या नावाने हाक मारावी असा कुश तोडणारा माणूसही आसपास राहिलेला नाही. रूपक मृत होते ते असे. 'आंधळा' या शब्दाची अवस्था ही आहे काय? तो शब्द आजही गल्लीतल्या, गाडीतल्या, वर्गातल्या माणसाचे नाव आहे. सकाळी ज्या तोंडाने आपण 'दारात एक आंधळा उभा आहे' असे म्हणतो, त्याच तोंडाने संध्याकाळी परिसंवादात 'आंधळे अनुकरण' म्हणतो. नाव जिवंत आहे, नावाचा धनी जिवंत आहे, आणि तरीही रूपक तेवढे मेले आहे असे म्हणणे फार सोयीचे आहे.

दुसरे असे की रूढ लक्षणेला प्रयोजन नसते. इथे ते आहे. समीक्षकाला केवळ विचार न करता केलेले अनुकरण एवढेच म्हणायचे असते तर 'अविचारी' हा शब्द हाताशी होता. तो डावलून 'आंधळे' निवडले जाते, कारण 'अविचारी'त नसलेली एक बोच त्यात आहे. ही बोच येते कुठून? ठेचकाळणाऱ्या, हात धरून नेल्या जाणाऱ्या, ज्याच्या पानातले कोणीही उचलून न्यावे अशा माणसाकडे पाहण्याची जी रीत समाजाने शतकानुशतके जोपासली, तिच्यातून. अंध माणसाला समाजात मान असता तर हे विशेषण बोथट झाले असते. म्हणजे जो तुच्छभाव आपल्या मनात नाही असे समीक्षक शपथेवर सांगतो, त्याच तुच्छभावाच्या व्याजावर त्याचे वाक्य चालते.

याहून नेमका पुरावा ध्वनिविचारात आहे, आणि तो याच शब्दाविषयीचा आहे. अत्यंततिरस्कृतवाच्य ध्वनीचे उदाहरण म्हणून आनंदवर्धनाने रामायणातील पंचवटीचे हेमंतवर्णन घेतले. थंडीत चंद्र फिका पडला आहे, आणि त्याला निःश्वासाने धुरकटलेल्या आरशाची उपमा दिलेली आहे. त्या आरशाला आदिकवीने 'अंध' म्हटले. आरशाला डोळे नसतात, तेव्हा अंध या शब्दाचा वाच्यार्थ तेथे समूळ बाजूला पडतो आणि मलिन, निस्तेज, निरुपयोगी अशा अर्थच्छटा जाग्या होतात. हे उदाहरण काव्यशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. 'लोचना'त अभिनवगुप्ताने त्यावर जी पुस्ती जोडली ती मात्र आपण वाचून पुढे जातो. रोजच्या बोलण्यात समोरची वस्तू न दिसणाऱ्या माणसाला 'हा आंधळा आहे' म्हणतात, ते वाक्य त्याने या आरशाच्या शेजारी ठेवले, आणि भेद दाखवला : त्या वाक्यातही अंध शब्दाचा मूळ अर्थ बाजूला सरतो, पण अत्यंत नव्हे. आरशावर अंधत्व आरोपिताही येत नाही. माणसाच्या ठिकाणी मात्र ते संभवते, म्हणून तेथे मूळ अर्थ पूर्णपणे जात नाही. मागे उभा राहतो.

एक हजार वर्षांपूर्वी काश्मिरात बसून केलेला हा भेद आजच्या वादाचा निकाल लावण्यास पुरेसा आहे असे मला वाटते. ज्यांना 'मृत रूपक' हवे आहे त्यांनी आरशाला, दिव्याला, काचेला आंधळे म्हणावे. विहीर आंधळी म्हणावी, गल्ली आंधळी म्हणावी. तेथे कोणाचे काही जात नाही. कवी, वाचक, समीक्षक, पिढी, समाज हे मात्र माणसांचेच समूह आहेत. त्यांना आंधळे, बहिरे, पांगळे म्हटले की वाच्यार्थ उरतो, आणि त्याच्याबरोबर त्या वाच्यार्थाने जगणारा माणूसही वाक्यात उरतो, फक्त बोलण्याची परवानगी नसलेला. 'तिरस्कृत' याचा शास्त्रातला अर्थ झाकलेला, आड केलेला; तिरस्करिणी म्हणजे पडदा. मराठीत तिरस्कार म्हणजे तुच्छता. आपल्या या विशेषणांत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होतात.

परंपरेचा हवाला दिला म्हणून परंपरा निर्दोष होती असे कोणी समजू नये. दंडीने काव्यादर्शाच्या आरंभीच, शास्त्र न जाणणाऱ्याला गुणदोषांचा विवेक कसा करता येईल, असे विचारून अंधाला रूपभेद जाणण्याचा अधिकार असतो काय, असा दाखला दिला. काव्यातला बारीकसा दोषही उपेक्षू नये हे सांगताना त्याला सुंदर शरीरावरचा कोडाचा एक डाग आठवला. ओरछ्याच्या केशवदासाने तर १६०१ च्या 'कविप्रिया'त ही सगळी वहिवाट परिभाषेतच बसवून टाकली. त्याने सांगितलेल्या दोषांपैकी पाचांची नावे अंध, बधिर, पंगु, नग्न आणि मृतक अशी आहेत : कविसंप्रदाय सोडणारे काव्य अंध, शब्दांचा मेळ नसलेले बधिर, छंदात अडखळणारे पंगु, अलंकारहीन ते नग्न आणि अर्थहीन ते मृतक. क्रम लावून पाहावा. अंध, बहिरा, पांगळा हे त्यात नागव्याच्या आणि मेलेल्याच्या पंगतीला बसवले आहेत. आपली आजची समीक्षा छंदोभंगाला पंगु म्हणत नाही, कथानकाला म्हणते. एवढाच काय तो फरक.

दंडीच्या दाखल्यातला 'अधिकार' हा शब्द मात्र सहज सोडून देण्याजोगा नाही, कारण तो काव्यशास्त्रात थांबला नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून वगळलेल्यांची यादी आहे. तीत क्लीब आणि पतित यांच्याबरोबर जन्मांध, जन्मबधिर, उन्मत्त, जड आणि मुका यांची नावे आहेत. त्यांना वाटा नाही. अन्नवस्त्र तेवढे द्यावे. ही केवळ पोथीतली गोष्ट नव्हती. मिताक्षरेच्या मार्गाने ती न्यायालयांत पोचली आणि इंग्रजी अमदानीतही चालली. ती मोडण्यासाठी १९२८ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यानेही जन्मतः 'वेडा' वा 'जड' असलेल्याला बाहेरच ठेवले. रोग, दोष वा व्यंग यांच्या कारणाने कोणालाही वारसा नाकारता येणार नाही, हे हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २८ व्या कलमाने १९५६ साली सांगितले. म्हणजे 'आंधळा' आणि 'मुका' हे शब्द, आजचे अनेक वाचक जन्मले त्याच्या थोडेच आधीपर्यंत, जमिनीचा तुकडा काढून घेणारे शब्द होते. ज्या शब्दाच्या बळावर माणसाचा वाटा गेला, तो शब्द निव्वळ अलंकार आहे असे म्हणायला वाटा न गेलेला माणूस लागतो.

आता या शब्दांनी समीक्षेचे काय होते, ते पाहू. अपंगांचा अवमान ही गोष्ट ज्यांना साहित्यबाह्य वाटते, त्यांनी निदान एवढे तरी पाहावे. 'आंधळे अनुकरण' ही जोडीच तपासण्यासारखी आहे. अनुकरण हा डोळ्यांचा व्यवहार आहे. दुसऱ्याचे पाहूनच ते केले जाते. युरोपातल्या एखाद्या पंथाची भ्रष्ट नक्कल करणारा कवी दोष करतो तो इतकाच की तो पाहतो आणि तपासत नाही. ज्याला दिसत नाही तो माणूस नेमका उलट वागतो. त्याची पांढरी काठी प्रत्येक पावलापूर्वी जमीन विचारून घेते. पायरी आहे की खड्डा, भिंत आहे की दार, याची खात्री केल्यावाचून तो पाऊल टाकत नाही. या दोघांपैकी विनातपास चालणारा कोण? पण शब्द इतका आयता मिळालेला आहे की समीक्षकाला हा प्रश्न पडत नाही. आणि कवीने नेमके काय घेतले, काय टाकले, कुठे त्याची नक्कल फसली, हे सांगण्याचे कष्टही त्याला पडत नाहीत.

खरे तर मराठीला या शब्दाची गरजच नव्हती. डोळे असून न पाहणे या अपराधासाठी आपल्या भाषेने जी सामग्री साठवली आहे तिचे मला नेहमी नवल वाटते. डोळेझाक करणे, डोळ्यांवर कातडे ओढणे, कानाडोळा करणे, कानांवर हात ठेवणे, ऐकून न ऐकल्यासारखे करणे, मूग गिळून बसणे. या प्रत्येक प्रयोगात इंद्रिय शाबूत आहे आणि माणसाने ते स्वतः मिटले आहे. मूग गिळणाऱ्याला वाचा असते, तो ती वापरत नाही. नैतिक दोष असतो तो या मिटण्यात, या गिळण्यात. न दिसणे हा दोष नाही, ती स्थिती आहे. समीक्षकाला दंगलीच्या काळात गप्प राहिलेल्या लेखकावर ठपका ठेवायचा असतो, तेव्हा 'मुका' म्हणून तो नकळत त्या लेखकाची सुटकाच करतो, कारण ज्याला बोलता येत नाही त्याने बोलावे कसे? 'मूग गिळून बसला' म्हटले असते तर ठपका बसला असता. अचूक शब्द निंदेच्या दृष्टीनेही अधिक कठोर असतो, हे समीक्षकाला दुसऱ्याने सांगावे लागू नये.

(इथे कोणी म्हणेल की 'दृष्टीने' हा शब्द मीच आत्ता वापरला. वापरला, आणि पुढेही वापरीन. 'समीक्षा' या शब्दातच ईक्षण आहे, 'आलोचना'ही पाहण्याचीच क्रिया आहे, 'दर्शन' म्हणजे तत्त्वज्ञान. पाहण्याला जाणण्याचे प्रतीक मानणे म्हणजे न पाहणाऱ्याला अज्ञानाचे प्रतीक मानणे नव्हे. 'बहुश्रुत' म्हणताना आपण कानाला ज्ञानाचे द्वार मानतो. त्यावरून कोणी अज्ञ माणसाला 'बहिरा' ठरवीत नाही.)

'अंधश्रद्धा' या शब्दाचा निर्देश टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्राच्या प्रबोधनपरंपरेतला तो अत्यंत प्रतिष्ठित शब्द आहे. त्याच्यासाठी माणसांनी आयुष्ये वेचली आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात प्राण दिले. त्या कार्याविषयी लेशमात्र संदेह नसतानाही शब्दाविषयी बोलता यावे. कायद्याच्या आधीच्या मसुद्यांच्या नावात हा शब्द होता. २०१३ साली प्रत्यक्ष झालेल्या अधिनियमाच्या शीर्षकात तो नाही. तेथे नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा असे शब्द आहेत, आणि अनुसूचीत एकेक कृत्य नमूद केले आहे. हा बदल अपंगांचा विचार करून झाला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु शिक्षा द्यायची वेळ आली तेव्हा कोणती श्रद्धा 'अंध' हे सांगून भागेना, कोणते कृत्य गुन्हा हे लिहावे लागले. ज्याला न्यायालयात उभे राहायचे आहे त्या भाषेला हे विशेषण पेलले नाही. समीक्षेने स्वतःला त्याहून सैल मोजमाप का लावावे?

'खुजा' आणि 'कुबडी' या दोन शब्दांवर फार शब्द खर्चण्याची आवश्यकता नाही. उंची हे प्रतिभेचे माप कसे झाले, हे आम्हांला कोणी समजावून द्यावे. तीन पावलांत त्रैलोक्य मोजणारा वामन ज्या परंपरेत आहे, तिला तरी हे माप शोभत नाही. २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ अपंगत्वांत खुजी वाढही आहे. आणि कुबडी? पोलिओने पाय गेलेल्या माणसाला विचारा. तिच्यामुळे तो शाळेत गेला, नोकरीवर गेला, तिकिटाच्या रांगेत उभा राहिला. कुबडी हे त्याच्या परावलंबनाचे चिन्ह नाही, परावलंबन संपल्याचे आहे. चष्म्यावाचून अक्षर न दिसणारा समीक्षक 'कुबड्या' हा शब्द लिहितो तेव्हा नाकावरच्या काचांचा त्याला विसर पडलेला असतो.

दुसरा आक्षेप सोवळ्याओवळ्याचा. शब्दांवर पहारे बसवले की भाषा निर्जीव होते, लेखकाचे स्वातंत्र्य जाते, म्हणी आणि वाक्प्रचार यांचे काय करायचे, असे विचारले जाते. या आक्षेपाला उत्तर आपल्याच अलीकडच्या इतिहासात आहे. दलित साहित्याने मराठी वाचकाला 'चांभारचौकशी'सारखे शब्द पुन्हा ऐकायला लावले; स्त्रीवादी समीक्षेने 'बांगड्या भरणे' या प्रयोगातला भित्रेपणा नक्की कोणाच्या माथी मारला आहे ते दाखवले. भाषा त्याने मेली नाही. जातीवरून आणि लिंगावरून केलेली निंदा टाळण्याचे भान ज्या समीक्षकांनी तेव्हापासून बाळगले, त्यांच्याच लेखांत शरीरावरून केलेली निंदा निर्धास्त वावरते. याचे कारण सैद्धांतिक नाही. दलित आणि स्त्रिया लिहू लागल्या, प्रत्युत्तर देऊ लागल्या. अपंग वाचकाचे प्रत्युत्तर येईल अशी अपेक्षाच कोणी केली नव्हती.

म्हणींविषयी मी निर्धास्त आहे. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' या म्हणीतले आंधळे माणूस निदान दळते आहे. आळशी ते नाही, चोर कुत्रे आहे. लोकभाषेला स्वतःचा विवेक असतो. भीती वाटते ती शिष्टभाषेची, जिने 'दळतं' पुसून टाकले आणि 'आंधळं' तेवढे ठेवले. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने रंगभूमीवर आणलेल्या श्री. वि. वर्तकांच्या नाटकाचे नाव 'आंधळ्यांची शाळा'. ब्यर्नसनवरून रचलेल्या त्या नाटकाचा विषय स्त्रीपुरुषांना एकच नीती लावावी हा होता, अंधांचे शिक्षण हा नव्हता. नव्या मराठी नाटकाच्या इतिहासात या शीर्षकाचा उल्लेख शेकडो वेळा झाला असेल. त्या काळी मुंबईत अंधांच्या खऱ्या शाळा तीस वर्षे चालत आलेल्या होत्या. त्यांतल्या मुलांना या नावाविषयी काय वाटले असेल, हे विचारणारे वाक्य निदान माझ्या वाचनात आलेले नाही.

म्हणून प्रश्न शब्दाच्या उच्चाराचा नाही, शब्द कोणाच्या बाजूने उच्चारला जातो याचा आहे. एकनाथांनी आंधळा, बहिरा, मुका, पांगळा यांवर भारुडे रचली. त्यांतले व्यंगही रूपकच आहे, आणि ते उणिवेवरच उभारलेले आहे; त्याला सर्वस्वी निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. परंतु नाथांचा बहिरा 'मी' म्हणून बोलतो. भारूड ऐकणारा आणि सादर करणारा दोघेही त्या 'मी'त सामील होतात. आपल्या समीक्षेतला बहिरा नेहमी तृतीयपुरुषी असतो, आणि तो समीक्षक स्वतः कधीच नसतो. याहून मोठे उदाहरण 'मूकनायक'चे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी सुरू केलेल्या त्या पाक्षिकाच्या नावात मूकपणा ही कोणाची उणीव म्हणून आलेला नाही. ज्यांना बोलू दिले गेले नाही ते मूक. दोष जिभेचा नाही, ज्यांनी ऐकले नाही त्यांचा आहे. पुढे काही दशकांनी अपंगत्वाच्या अभ्यासकांनी जो सिद्धांत मांडला, की अडथळा शरीरात नसून समाजाच्या रचनेत असतो, तो या एका शब्दात आधीच आलेला आहे. पायऱ्यांपाशी थांबलेल्या चाकाच्या खुर्चीला हीच गोष्ट ठाऊक असते. आणि ज्या शाळांच्या पाट्यांवर आपण 'मूकबधिर' लिहितो, त्या शाळांच्या मधल्या सुटीत कोणी क्षणभर उभे राहावे : हातांनी, चेहऱ्याने, भुवयांनी इतके अखंड बोलणे चाललेले असते की 'मूक' हा शब्द पाटीवर कोणी लिहिला असे वाटावे.

गोड शब्दांनी हा प्रश्न सुटत नाही. २७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावे अशी सूचना केली, पुढच्या वर्षी केंद्राच्या विभागाचे नाव बदलले, आणि २०२२ साली महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. विभाग झाला हे चांगलेच झाले. शब्दाला मात्र अपंगांच्या अनेक संघटनांनीच विरोध केला, आणि तो समजण्यासारखा आहे. आपल्याकडे हा उपाय नवा नाही. 'प्रज्ञाचक्षू' ही पदवी आपण विदर्भातल्या गुलाबराव महाराजांना आदराने लावतो. बाळपणीच दृष्टी गेलेल्या आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ रचणाऱ्या या पुरुषाला ती शोभतेही. पण महाभारतात हीच पदवी धृतराष्ट्राला आहे, आणि ती त्याला गादी देऊ शकली नाही. माणसाला दिव्य म्हटले की त्याला रॅम्प, ब्रेल, दुभाषी देण्याची निकड कमी होते. देवाला पायऱ्या चढण्यासाठी कोणी मदत करीत नाही. शिवाय दिव्यांग म्हणणाऱ्या भाषणातच पुढच्या मिनिटाला विरोधकांचा 'आंधळा विरोध' आणि 'लंगडी सबब' येते. माणसाचे नाव बदलले, निंदेचा साठा तसाच राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या एका निकालपत्रात, चित्रपटातील अपंगांच्या चित्रणाविषयी बोलताना, अपंगत्व समजून घेणारा विनोद आणि अपंगाला खाली पाडणारा विनोद असा भेद केला आणि काही इंग्रजी शब्द टाळण्यास सांगितले. मराठीतल्या शब्दांची यादी त्यात असण्याचे कारण नव्हते. ती कोणी न्यायाधीशाने करावी असेही मला वाटत नाही. २०१६ च्या कायद्याचे ९२ वे कलम अपंग व्यक्तीचा जाहीर आणि हेतुपुरस्सर पाणउतारा करणाऱ्याला शिक्षा सांगते. 'पांगळे कथानक' त्यात बसत नाही, बसूही नये. हे काम कायद्याचे नाही. ते संपादकाचे आहे, आणि त्याच्याही आधी लिहिणाऱ्याचे.

ज्या वाचकाची आपण कल्पनाही करत नव्हतो तो आता आलेला आहे. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदवले, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. २०१२ च्या दुरुस्तीने छापील पुस्तकाची अंधांसाठी प्रत करण्याची वाट कॉपीराइट कायद्यात मोकळी झाली. त्याच हेतूच्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी यंत्रणा आता मराठीही वाचते. मराठी घेऊन एम.ए. करणारी अंध मुले आपल्या विद्यापीठांत आहेत, आणि आपल्या नियतकालिकांतले लेख त्यांच्या अभ्यासक्रमात असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री ते सपाट, भावहीन यांत्रिक आवाजात 'अमुक कवीचे आंधळे अनुकरण' ऐकतात आणि उत्तरपत्रिकेसाठी लेखनिकाला तेच सांगतात, कारण टीकाकाराचे मत म्हणून त्याला गुण आहेत.

तेव्हा सूचना एवढीच आहे. परीक्षणात 'कथानक पांगळे झाले आहे' असे वाक्य आले की संपादकाने ते खोडू नये, लेखकाकडे परत पाठवावे आणि समासात विचारावे : म्हणजे काय झाले आहे? कोणत्या प्रकरणात? नायकाचा निर्णय आधीच्या घटनांतून येत नाही, की मध्यंतरीची दहा वर्षे एका परिच्छेदात उरकली आहेत, की दोन पात्रे लेखकाला नकोशी झाली म्हणून एकाच अपघातात मारली आहेत? यांपैकी जे असेल ते लिहून मागवावे. दोन ओळी जास्त लागतील. पानांची अडचण असेल तर प्रास्ताविक परिच्छेद गाळता येईल, त्यात बहुधा मराठी समीक्षेला स्वतःची परिभाषा नाही हेच पुन्हा लिहिलेले असते.